कल किती हवा? रायफलच्या स्कोपखालच्या बेसचा आढावा

म्हसळा तालुक्यात बंदूक म्हटली की आधी आठवते ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी. भात पोटरीत आला की रानडुकरांना हुसकावायला तिचा बार निघतो आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. या बंदुकीवर स्कोप बसवण्याचा प्रश्न येत नाही. छर्ऱ्यांच्या नेमाला नळीच्या टोकावरची माशी पुरते. पण आता बिनपरवान्याची ४.५ मिलिमीटरची हवाई रायफल थेट गावापर्यंत घरपोच येते आणि तिच्याबरोबर स्वस्तातला स्कोपही येतो. काही मोजक्या घरांत .२२ किंवा .३०-०६ बोअरची परवान्याची रायफल आहे. कुणाचा मुलगा वा भाचा अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात असतो, तिथल्या क्लबात लांबचे निशाण मारतो आणि सुट्टीत आला की त्याचे कौतुक सांगतो. रायफलवर स्कोप आला की त्याखाली बेस आला, आणि बेस आला की दुकानदार विचारतो: सपाट देऊ की वीसचा?

हा 'वीसचा' म्हणजे पुढच्या बाजूला किंचित उतरता, कलता बेस. लांबच्या नेमबाजीचे व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटते की चांगल्या रायफलवर तो असायलाच हवा. जुना बंदूकवाला म्हणतो, नसती भानगड आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण या प्रश्नाचे उत्तर रायफलीत नसून अंतरात आहे. कायद्याने आणि जमिनीने तुम्हाला किती अंतरावर गोळी झाडू दिली आहे, ते ठरले की बेस जवळजवळ आपोआप ठरतो.

बेस नेमके काय करतो

नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. नजरेची रेषा मात्र सरळ असते. त्यामुळे लांबचे निशाण साधायचे तर नजर निशाणावर ठेवून नळीचे तोंड थोडे वर करावे लागते. जुन्या .३०३ रायफलीच्या मागच्या साइटवर अंतराचे आकडे कोरलेली पट्टी असे. अंतर वाढले की ती वर सरकवायची. मागची साइट वर गेली की तिच्यातून पाहताना नळी आपसूक वर होते. कलता बेस हेच काम करतो, फक्त कायमचे. त्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच घडवलेली असते. स्कोप नळीच्या तुलनेत खाली पाहतो, आणि स्कोप निशाणावर आणला की नळी वर रोखलेली असते.

कल मोजतात मिनिटांत. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, नेमबाजांच्या बोलण्यात एमओए. १०० मीटरवर एका मिनिटाचे २.९ सेंटिमीटर होतात, १०० यार्डांवर एका इंचाहून किंचित जास्त. मिलची मोजणी वापरणाऱ्यांसाठी एक मिल म्हणजे ३.४४ मिनिटे, १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. वीस मिनिटांचा बेस म्हणजे १०० मीटरवर ५८ सेंटिमीटरचा फरक. आकडा मोठा वाटतो, पण वस्तू हातात घेतली तर कल डोळ्याला दिसतही नाही. १३ सेंटिमीटर लांबीच्या बेसवर मागची बाजू पुढच्यापेक्षा जेमतेम एका एटीएम कार्डाच्या जाडीइतकी उंच असते.

कलत्या बेसमुळे गोळी लांब जात नाही आणि रायफल अचूकही होत नाही. बदलते ते एवढेच की स्कोप आपल्या फिरण्याच्या मर्यादेत कुठे उभा राहतो.

स्कोपच्या पोटातली जागा

स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. वरची आणि बाजूची घुंडी फिरवली की ती आतली नळी सरकते आणि तिच्यावर दुसऱ्या बाजूने एक स्प्रिंग दाब देते. सरकायला जागा किती, यावर वर-खालची एकूण हालचाल ठरते. एक इंच नळीच्या स्कोपमध्ये ती साधारण ५० ते ७० मिनिटे असते, ३० मिलिमीटरच्या नळीत बहुधा जास्त, आणि ३४ मिलिमीटरच्या नळीत अनेकदा शंभरावर. या एकूण हालचालीतली अर्धी वरच्या दिशेची आणि अर्धी खालच्या दिशेची. सपाट बेसवर खालची अर्धी जवळजवळ वाया जाते, कारण नळी खाली रोखण्याची वेळ नेमबाजावर येतच नाही.

आता .३०-०६ रायफल घेऊ. तिच्यावर एकूण ६० मिनिटांचा स्कोप आणि सपाट बेस. मध्यापासून वर ३० मिनिटे. स्कोप नळीपेक्षा दीड-दोन इंच उंच असल्यामुळे १०० यार्डांचा शून्य साधण्यातच, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी घुंडी लावण्यातच, सुमारे ४ मिनिटे खर्ची पडतात. उरली २६. नेहमीच्या १८० ग्रेनच्या गोळीला १०० यार्डांच्या शून्यानंतर ३०० यार्डांसाठी सुमारे साडेचार मिनिटे लागतात, ५०० यार्डांसाठी दहाच्या आसपास, ८०० साठी २३ आणि १००० साठी ३४. म्हणजे सपाट बेसवर ही रायफल ८०० यार्डांपर्यंत बिनतक्रार जाते. १००० यार्डांना मात्र घुंडी आधीच अडते.

त्याच रायफलीखाली वीसचा बेस बसवला तर वर ४६ मिनिटे उरतात आणि १००० यार्ड आवाक्यात येतात. शून्य १०० यार्डांवर ठेवता येतो, तोही खालच्या टोकापासून १४ मिनिटे शिल्लक ठेवून. मोह वाढून चाळीसचा बेस घेतला तर गणित उलटते. १०० यार्डांच्या शून्यासाठी स्कोपला मध्यापासून ३६ मिनिटे खाली जावे लागेल आणि जागा आहे ३०. जवळचा शून्य साधताच येणार नाही. जास्त कल म्हणजे जास्त चांगले, हा समज इथेच मोडतो.

स्कोपची दोन्ही टोके टाळण्यासारखी असतात. घुंडी वरच्या टोकाला नेली की आतल्या नळीवरचा स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि धक्क्याने शून्य हलू शकतो. शिवाय आतली नळी गोल नळीत सरकते, त्यामुळे ती वर किंवा खाली टोकाला गेली की बाजूला सरकायला जागा उरत नाही. वाऱ्यासाठी दुरुस्ती करायला जावे तर घुंडी मध्येच थांबते. कडेच्या भिंगातून दिसणारे चित्रही मध्याइतके स्वच्छ नसते. म्हणून बेस निवडण्याचा नियम असा मांडता येतो: ज्या अंतरावर तुमच्या सर्वाधिक गोळ्या झाडल्या जातात, त्या अंतरावर स्कोप आपल्या मध्याच्या जवळपास असावा. ६०० ते १००० यार्डांच्या स्पर्धा खेळणाऱ्याला वीसचा बेस म्हणूनच शोभतो. १०० ते ३०० यार्डांच्या माणसाला सपाट बेसच मध्याच्या जवळ ठेवतो.

एक पळवाट आहे. अलीकडच्या बऱ्याच स्कोपमध्ये क्रॉसच्या खालच्या दांडीवर मिलच्या खुणा असतात. पाच मिल खाली धरून मारले की घुंडीला हात न लावता १७ मिनिटे मिळतात. अधूनमधून लांब मारणाऱ्याला तेवढ्यासाठी बेस बदलण्याची गरज नाही.

.२२ ची घाई

कलत्या बेसचे खरे गिऱ्हाईक मोठी रायफल नसून छोटी .२२ आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ध्वनीच्या वेगाखालची .२२ गोळी संथ असते आणि लवकर पडते. ५० यार्डांच्या शून्यानंतर तिला १०० यार्डांसाठीच सात मिनिटे लागतात, २०० साठी सुमारे २५ आणि ३०० साठी ४५ च्या वर. शिवाय ५० यार्डांचा शून्य साधण्यातच दहा मिनिटे गेलेली असतात. ६० मिनिटांचा स्कोप सपाट बेसवर असेल तर वर उरतात वीसेक मिनिटे, आणि ही रायफल २०० यार्डांच्या अलीकडेच थांबते. वीसच्या बेसवर ती अडीचशे यार्डांपर्यंत जाते, तिसाच्या बेसवर तीनशेपर्यंत. म्हणून .२२ चे लांब अंतराचे खेळ जिथे लोकप्रिय झाले, तिथे वीस-तीसचे बेस सर्रास विकले जातात.

पण इथे रेंज हवी. एनसीसीत .२२ डिलक्स हाताळलेल्यांना तिचा सराव अगदी जवळच्या अंतरावर केल्याचे आठवत असेल, आणि देशातल्या बहुतेक नागरी .२२ रेंज ५० मीटरच्या आहेत. ३०० मीटरच्या नागरी रेंज मोजक्याच. ५० मीटरवर मारणाऱ्याला वीसचा बेस काही देत नाही. तो स्कोपला मध्यापासून विनाकारण खाली ढकलतो.

हवाई रायफल: जवळचे अंतर, तरीही कल

म्हसळ्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न सर्वात जास्त वेळा ज्या हत्याराबाबत येतो, ते म्हणजे स्प्रिंगची, नळी मोडून भरायची हवाई रायफल. अंतर दहा ते पन्नास मीटरांचे. मग कल कशाला?

याची दोन कारणे आहेत. पहिले, अंतर जितके जवळ तितकी स्कोपची उंची जास्त नडते. स्कोप नळीपेक्षा साडेचार सेंटिमीटर उंच असेल तर १० मीटरवर नुसती ही उंची भरून काढायला पंधरा मिनिटे लागतात, आणि छर्रा संथ असल्याने त्यात तीनेक मिनिटांची भर पडते. दुसरे कारण नळीचे. मोडून भरायच्या अनेक रायफलींची नळी बंद झाल्यावर रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या मुख्य धडाच्या, रेषेत सरळ न राहता टोकाकडे किंचित खाली झुकलेली असते. साध्या साइटने मारताना हे जाणवत नाही, कारण माशी आणि मागची साइट दोन्ही त्या झुकावाला जुळवलेल्या असतात. स्कोप मात्र रिसीव्हरच्या खाचेवर बसतो आणि सरळ पुढे पाहतो. उंची आणि संथपणाची मिळून अठराएक मिनिटे आणि झुकावाची त्यावर आणखी, अशी बेरीज झाली की स्वस्तातला स्कोप वरच्या टोकाला जाऊन आदळतो आणि तरीही छर्रा निशाणाखाली लागतो.

खेळातली गंमत अशी की एकदा ३५ यार्डांचा शून्य मिळाला की ५५ यार्डांपर्यंत पुढे सहा-आठ मिनिटेच लागतात. म्हणजे इथे कलता बेस पल्ल्यासाठी नसून नळीच्या झुकावावर उतारा म्हणून लागतो. जर्मन डायना कंपनीच्या रायफलींचा हा झुकाव जगभर इतका परिचित आहे की त्यासाठी खास झुकाव भरून काढणारे माउंट, म्हणजे स्कोप धरणारे जोड, विकले जातात.

स्प्रिंगच्या रायफलीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. स्कोप ११ मिलिमीटरच्या खाचेवरून हळूहळू मागे सरकतो. माउंटला खाली अडकणारी खुंटी नसेल तर कल कितीही अचूक असला तरी शून्य टिकणार नाही. आणि दुहेरी धक्क्यासाठी न बनवलेला स्कोप आतून मोडतो.

ऑलिंपिकच्या वाटेवर बेस लागतच नाही

रायगडच्या मुलामुलींना रायफलची वाट दाखवणाऱ्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या १० मीटर हवाई रायफलच्या अंतिम फेरीत खेळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य पटकावले. या तिघांच्या रायफलीवर स्कोप नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रकारांना भिंगाचा स्कोप चालत नाही. मागे बारीक छिद्राची डायोप्टर साइट आणि पुढे गोल कडी, एवढ्यावरच दहाचे वर्तुळ शोधावे लागते. ५० मीटरवर ते वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, आणि १० मीटरच्या हवाई रायफलीत अवघे अर्ध्या मिलिमीटरचे. नियमांत स्कोपला जागा आहे ती धावत्या निशाणाच्या प्रकारात, पण तो २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेला.

म्हणून मुलाला स्पर्धेत उतरवू पाहणाऱ्या पालकाने बेसचा विचार सोडून द्यावा. ते पैसे चांगल्या डायोप्टरमध्ये, जॅकेटमध्ये आणि क्लबाच्या फीमध्ये जास्त कामी येतात.

स्कोप आणि कलता बेस जिथे नियमाचा भाग आहेत, तो खेळ म्हणजे एफ-क्लास. कॅनडात सुरू झालेल्या या प्रकारात नेमबाज पालथा पडून, रायफल आधारावर ठेवून ३०० ते १००० यार्डांवर मारतो. त्यातल्या एफ-टीआर गटात फक्त .२२३ आणि .३०८ चालतात आणि रायफलीचे वजन ८.२५ किलोंच्या आत लागते. इंग्लंडच्या बिस्लीत किंवा ऑस्ट्रेलियातल्या क्लबात मारणाऱ्या आपल्या भाच्याकडे वीसचा बेस दिसला तर त्यात दिखावा नाही. त्याच्या १००० यार्डांच्या रेंजने तो मागितला आहे. आपल्याकडे मात्र .३०३ आणि ७.६२ या लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत आणि हजार यार्डांची रेंज म्हणजे लष्कराची. तिकडचे उत्तर इकडे आणले तर बसत नाही.

शिकारीचा प्रश्न कायद्याने सुटला आहे

परदेशी लेखांत बेसचा विषय 'शिकारीची की निशाणाची रायफल' असा मांडलेला असतो. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग इतिहासजमा आहे. म्हसळा हा जंजिरा संस्थानाचा भाग होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत मुरुडजवळचे फणसाडचे रान नवाबांच्या शिकारीसाठी राखीव असे. १९८६ मध्ये तेच फणसाड अभयारण्य झाले. त्या काळची शिकार हाक्याची किंवा मचाणावरची. कोकणच्या दाट रानात दिसेल तेवढेच अंतर, म्हणजे पन्नास-शंभर पावले. कलत्या बेसला तेव्हाही तिथे काम नव्हते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबतही मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो, तरच काही करता येते. पीकसंरक्षणाचा शस्त्र परवाना ही प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. हवाई रायफलीने कवडा, पारवा किंवा वानर टिपणे हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच आहे, रायफल बिनपरवान्याची असली तरी. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई रायफलीला परवाना लागतो. तेव्हा म्हसळ्याच्या वाचकासाठी 'शिकारीची रायफल' हा गट गळतो आणि उरते ते कागदाचे निशाण. कागद किती अंतरावर लावता येईल, एवढाच हिशेब.

आपल्या परसातला हा हिशेब फार मोठा निघत नाही. खलाटीतले भाताचे तुकडे, सुपारीच्या वाड्या आणि मध्येच येणारी वस्ती. मागे पक्का मातीचा बांध नसेल आणि पलीकडे कोणी फिरकणार नाही याची खात्री नसेल, तर पन्नास मीटरही जास्तच. परवान्याच्या रायफलीचा सराव तर अधिकृत रेंजवरच व्हायला हवा.

कल मिळवण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग एकसंध कलता बेस, म्हणजे पिकाटिनी रेल. १९९५ च्या अमेरिकी लष्करी प्रमाणानुसार तिच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एकमेकींपासून १०.०१ मिलिमीटर अंतरावर असतात. जुन्या वीव्हर बेसच्या खाचा त्याहून अरुंद आणि कमी-जास्त अंतरावर असतात. वीव्हरचे माउंट पिकाटिनीवर बहुधा बसतात, उलट मात्र नेहमी जमत नाही. बेस रायफलीच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावा लागतो, कारण रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत पुढचा भाग मागच्यापेक्षा उंच असतो आणि बेसचा तळ तो फरक धरून बनवलेला असतो. अशा बेसची दोन टोके व्हर्नियरने मोजून कल काढायला जाल तर उत्तर चुकेल. सरळ खाचेच्या रायफलीवर मात्र हे माप चालते. दर १०० मिलिमीटर लांबीला ०.५८ मिलिमीटर फरक म्हणजे वीस मिनिटे.

दुसरा मार्ग आतून गोल फिरणारी प्लास्टिकची खोळ असलेल्या रिंगा, म्हणजे स्कोपची नळी धरणाऱ्या कड्या. बरिस कंपनीच्या सिग्नेचर रिंगा याच जातीच्या. खोळ मध्यापासून सरकवलेली असते आणि ती पुढे-मागे उलटी बसवून पाच, दहा, वीस मिनिटे साधता येतात. नळीला ओरखडा पडत नाही आणि चुकलेला कल बदलता येतो. हवाई रायफल आणि .२२ साठी हा मार्ग सर्वात मोकळा.

तिसरा मार्ग हवा तेवढा कल घुंडीने वर-खाली करता येणारा माउंट. महाग आणि जड, पण एकच रायफल दोन अगदी वेगळ्या अंतरांवर मारणाऱ्याला उपयोगाचा.

चौथा जुना मार्ग म्हणजे बेसच्या मागच्या स्क्रूखाली पितळी पत्र्याची पट्टी. दोन स्क्रूंमध्ये दहा सेंटिमीटर अंतर असेल तर ०.१ मिलिमीटरची पट्टी साडेतीन मिनिटे देते. पाच-सात मिनिटांपर्यंत चालून जाते. त्याहून जास्त वर केले की रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि स्कोपची नळी पिळवटते. रिंगेत स्कोप दाबून पट्टी घालणे तर टाळावेच.

इच्छापूरच्या कारखान्यात बनणाऱ्या .३१५ रायफलीवर यातले बरेचसे थेट बसत नाही. ली-एनफिल्डच्या धर्तीची ती रचना स्कोपसाठी बनलेली नाही. भोके पाडायची तर परवानाधारक गनस्मिथकडूनच, आणि त्याआधी विचारावे की ती रायफल साध्या साइटने जे करते त्याहून जास्त काय हवे आहे.

समुद्राची हवा आणि बसवण्याचे काम

राजपुरी खाडीच्या काठच्या हवेत बेसचा धातू हा किरकोळ मुद्दा राहत नाही. पावसाळ्यात खारट दमट हवा चार महिने मुक्काम करते. रिसीव्हर पोलादी आणि बेस ॲल्युमिनियमचा असेल तर दोघांच्या सांध्यात ओल साचून ॲल्युमिनियम पांढरे पडते आणि स्क्रू जाम होतात. पोलादी बेस गंजतो, पण त्याचा गंज दिसतो आणि तेलाने थोपवता येतो. चांगले ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियमही चालते, फक्त बसवण्याआधी सांध्याला तेलाचा पातळ थर द्यावा आणि पावसाळ्यानंतर स्क्रू एकदा पाहावेत. स्क्रूच्या भोकात मात्र तेल राहू देऊ नये, नाहीतर स्क्रू सुटतात.

बसवताना बेस नीट दिशेने आहे ना, हे दोनदा पाहावे. दोन तुकड्यांचा बेस अदलाबदल झाला तर कल उलटा पडतो आणि घुंडी पूर्ण फिरवूनही गोळी निशाणाच्या कितीतरी खाली जाते. रेलवर रिंग खाचेत पुढे सरकवून मगच घट्ट करावी, म्हणजे धक्का बसल्यावर ती जागची हलत नाही. रिंगेच्या टोपीचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटरनेच आवळायचे, कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळायचा. हाताच्या अंदाजाने आवळल्यावर स्कोपची नळी चेपल्याची उदाहरणे भरपूर आहेत. कलत्या बेसवर स्कोपचे पुढचे तोंड थोडे खाली येते, २५ सेंटिमीटर पुढे दीडेक मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या तोंडाचा स्कोप नळीला टेकत नाही ना, तेही बघावे. मागची बाजू उंच झाल्याने गाल टेकायची जागाही कमी पडते.

लांब अंतरावर पातळीचा बुडबुडा बेसइतकाच महत्त्वाचा. रायफल एक अंश जरी बाजूला कलली तर १००० यार्डांवरच्या ३४ मिनिटांच्या दुरुस्तीत ०.६ मिनिटांचा फरक बाजूला जातो, म्हणजे निशाणावर सहा इंच. ३०० यार्डांवर तीच चूक पाव इंचाची. जवळ मारणाऱ्याला बुडबुडा नसला तरी चालतो.

बाहेरच्या तक्त्यांवर विसंबू नये. वर दिलेले आकडे ठराविक गोळ्यांचे आहेत. आपण वापरतो ती काडतुसे आपल्या नळीतून किती वेगाने सुटतात आणि किती खाली पडतात, हे आपल्याच कागदावर मोजावे. आणि निवडणुकीनंतर पोलीस ठाण्यातून रायफल परत आली की मारण्याआधी शून्य पुन्हा तपासावा. महिना-दोन महिने इतर हत्यारांच्या गर्दीत पडून राहिलेला स्कोप जागेवर असेलच असे नाही.

निवाडा

१० ते ५० मीटरवर कागद मारणाऱ्या हवाई रायफलवाल्याने आधी नळी झुकलेली आहे का ते बघावे. स्कोपची घुंडी मध्यावर ठेवून मारल्यावर छर्रा निशाणाच्या बराच खाली जात असेल, तर झुकाव भरून काढणारे माउंट किंवा सरकत्या खोळीच्या रिंगा घ्याव्यात. जात नसेल तर सपाटच. ५० आणि १०० मीटरच्या रेंजवरच्या .२२ ला सपाट बेस पुरतो. दोनशे यार्ड ओलांडण्याची सोय खरोखर असेल तरच वीस किंवा तीस. .३०-०६ वाल्याला ३०० यार्डांपर्यंत सपाटच उत्तम. आठशेच्या पुढे जाणाऱ्यांनी वीस, आणि तेही आपल्या स्कोपची एकूण हालचाल अर्धी करून, त्यातून शून्याचा आणि अंतराचा खर्च वजा करून. चाळीस आणि त्याहून जास्त कल म्हणजे मैलभर मारणाऱ्यांचा प्रांत. परदेशात हजार यार्डांची रेंज हाताशी असलेल्याने वीसचा बेस डोळे झाकून घ्यावा. ऑलिंपिक प्रकार शिकणाऱ्याने स्कोपच्या दुकानात जाऊच नये.

दुकानदाराने 'सपाट की वीसचा' असे विचारले तर आधी स्वतःला विचारावे की माझ्या रेंजचे शेवटचे निशाण किती मीटरवर आहे. तो आकडा तुमच्याकडे तयार नसेल तर बेस विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही.